जहाजावरचा दवाखाना आणि अ‍ॅडमिरलची खुर्ची

प्रश्न : मुलगी यंदा बारावीला आहे. ‘नीट’ देऊन पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) जायचं आणि नौदलातच डॉक्टर व्हायचं, असा तिचा हट्ट आहे. सर्जन व्हाइस अ‍ॅडमिरल आरती सरीन यांची मुलाखत पाहिल्यापासून तर दुसरा विषयच नाही. जहाजावर डॉक्टरला काम तरी काय असतं? आणि एवढ्या वरच्या हुद्द्यावर पोचेपर्यंत डॉक्टरकी शिल्लक राहते का?
– एक आई, इस्लामपूर

उत्तर : ताई, जहाजावरचा पहिला रुग्ण बहुधा डॉक्टर स्वतःच असतो. बंदर सुटलं, लाटा लागल्या की आपल्याच पोटात ढवळतं, आणि दाराशी त्याच तक्रारीचे खलाशी गोळीसाठी उभे असतात. मीही त्यातून गेलो. सवय होते, काहींना आयुष्यभर होत नाही, तरी ते नोकरी चोख करतात.

फ्रिगेटसारख्या युद्धनौकेवर साधारणपणे एकच डॉक्टर असतो, हाताशी वैद्यकीय सहायक. दवाखान्याला ‘सिक बे’ म्हणतात. माणसं तरुण, धडधाकट, पारखून घेतलेली; त्यामुळे गजकर्ण, कंबरदुखी, दातदुखी, लोखंडी दारात चेंगरलेलं बोट, हे रोजचं. शिवाय पिण्याच्या पाण्यातलं क्लोरीन तपासा, गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, डोकावून भांडी बघा, इंजिन रूमच्या उकाड्यावर लक्ष ठेवा. खरी कसोटी अपेंडिक्सची. किनारा दोन दिवसांवर, हेलिकॉप्टरच्या पल्ल्याबाहेर. सलाइन आणि अँटिबायोटिक चालू करायचं आणि कॅप्टनला स्पष्ट सांगायचं : जहाज वळवा, किंवा थांबता येईल. एका पोटासाठी अख्ख्या नौकेने मार्ग बदलायचा का? हुकूम कॅप्टनचा, पण तो निघतो पंचविशीतल्या पोरीच्या शब्दावर. तुमच्या मुलीला या प्रसंगाची भीती न वाटता ओढ वाटत असेल, तर तिला अडवू नका.

दुसरं एक खास क्षेत्र म्हणजे पाणबुड्यांचं, म्हणजे खोल पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांचं, वैद्यक. कुलाब्याच्या ‘आयएनएचएस अश्विनी’ रुग्णालयाच्या आवारात इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिन आहे, तिथे हे शिकवतात. खोल पाण्यात दाबामुळे नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो. पाणबुड्या घाईने वर आला तर, सोड्याची बाटली उघडावी तसे अंगात बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, कधी पाय लुळे पडतात. मग त्याला बंद लोखंडी कक्षात ठेवून पुन्हा 18 मीटर खोलीइतक्या दाबाखाली न्यायचं, शुद्ध ऑक्सिजन द्यायचा आणि हळूहळू दाब उतरवायचा. नेहमीच्या उपचाराला पावणेपाच तास लागतात. आत गेलेला माणूस कधीकधी बाहेर चालत येतो. माझ्या मते नौदलाच्या डॉक्टरकीत याहून समाधानाचं काम नाही.

आता हुद्द्याचं. नौदलात प्रत्येक डॉक्टरच्या हुद्द्याआधी ‘सर्जन’ लागतं, मग तो शस्त्रक्रिया करो वा न करो. सर्जन लेफ्टनंटपासून सर्जन कमांडरपर्यंतच्या पायऱ्या बहुतेक सेवेच्या वर्षांनी येतात. कमोडोर आणि त्यापुढे निवड होते, आणि तिथपासून स्टेथोस्कोप खुंटीला लागू लागतो. ‘अश्विनी’सारख्या रुग्णालयाचा प्रमुख सर्जन रिअर अ‍ॅडमिरल दर्जाचा. त्याच्या टेबलावर खाटा, औषधखरेदी, बदल्या, चौकशा. पट्टीचे सर्जन इथे कासावीस होताना मी पाहिले आहेत. काही जण बढतीपेक्षा ऑपरेशन थिएटर बरं म्हणून निवृत्ती घेतात. त्यात मला काही वावगं दिसत नाही.

सरीन मॅडमचा प्रवास मुलीला नीट वाचायला सांगा. एएफएमसीच्या विद्यार्थिनी, डिसेंबर 1985 चं कमिशन (अधिकारी म्हणून नेमणूक), तिथेच रेडिओडायग्नोसिसमध्ये (क्ष-किरण वगैरेंनी रोगनिदान) एमडी, मग टाटा मेमोरियलमध्ये कर्करोगाच्या किरणोपचाराचं शिक्षण. 1 ऑक्टोबर 2024 ला त्या तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झाल्या. त्या पदावरच्या पहिल्या महिला. पण त्यांची सुरुवात स्थलसेनेच्या गणवेशात झाली, आणि नौदलाखेरीज हवाई दलात त्या एअर मार्शलही होत्या. त्यांच्याआधी पुनिता अरोरा 2004 मध्ये लेफ्टनंट जनरल म्हणून एएफएमसीच्या प्रमुख झाल्या आणि पुढच्या वर्षी नौदलात सर्जन व्हाइस अ‍ॅडमिरल. म्हणजे सेवा एकत्र आहे. कमिशन मिळताना पसंती विचारतात, पण जागा आणि गुणक्रम पाहूनच दल ठरतं. ‘नौदलच हवं’ हा हट्ट घरी ठीक आहे. लडाखच्या छावणीत वर्षं काढायची तयारी नसेल तर फॉर्म भरताना दोनदा विचार करावा. कमिशनही सगळ्यांना कायमचं मिळत नाही. काहींना अल्प मुदतीचं मिळतं. सेवेचा करार, म्हणजे बाँड, मधेच मोडला तर रक्कम मोठी भरावी लागते, तो कागद घरच्यांनी स्वतः वाचावा.

आणि ‘नीट’चे गुण मिळाले म्हणजे झालं असं नाही. त्यावर पुण्याला बोलावतात, मग इंग्रजी आणि तर्कबुद्धीची चाचणी, मुलाखत, शरीराची तपासणी.

प्रश्न : नौदलाच्या डॉक्टरला घराजवळ नेमणूक मिळते का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : मिळू शकते. मुंबईत ‘अश्विनी’, लोणावळ्याला ‘कस्तुरी’, गोव्यात वास्कोला ‘जीवंती’, कारवारला ‘पतंजली’ ही नौदलाची रुग्णालयं आपल्याकडून जवळच. मात्र विशाखापट्टणमचं ‘कल्याणी’, कोचीचं ‘संजीवनी’ आणि श्री विजयपुरमचं (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) ‘धन्वंतरी’ही त्याच यादीत आहेत.