बॉक्सर म्हणजे नक्की कोण?

प्रश्न: बॉक्सर म्हणजे ठोसे मारणारा खेळाडू एवढंच माहीत होतं, पण कुत्रा पण बॉक्सर, चड्डी पण बॉक्सर, इंजिन पण बॉक्सर, आणि इतिहासात चीनचं बॉक्सर बंड! यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?

उत्तर: प्रश्न एकदम मस्त आहे, आणि हो, बहुतेकांचा संबंध त्या खेळाशीच आहे. चड्डीचं सोपंय, 1925 च्या सुमारास मुष्टियोद्ध्यांसाठी चामडी पट्ट्याऐवजी इलॅस्टिकची सैल चड्डी आली, तीच पुढे सगळे घालायला लागले.

इंजिन मात्र मला फार आवडतं. यात सिलिंडर उभे नसतात, आडवे, समोरासमोर असतात आणि जोडीतले दोन्ही पिस्टन (सिलिंडरमध्ये पुढे-मागे सरकणारे दट्टे) एकाच वेळी बाहेर जातात, एकाच वेळी आत येतात, अगदी दोन बॉक्सर ग्लोव्हज एकमेकांवर आपटतात ना तसं, त्यामुळे एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो आणि इंजिन कमी थरथरतं. कार्ल बेंझने 1896 मध्ये हे डिझाइन काढलं, सुबारूच्या बऱ्याच गाड्यांमध्ये आणि पोर्शे 911 या कारमध्ये आजही तेच आहे.

चीनमधले बॉक्सर म्हणजे यीहेतुआन, परकीय सत्तांविरुद्ध 1899 ते 1901 मध्ये लढलेले लोक, बरेचसे गरीब शेतकरी. ते मुठींच्या कसरती करायचे म्हणून इंग्रजी बोलणाऱ्या परदेशी लोकांनी हे नाव दिलं. 1900 मध्ये त्यांनी बीजिंगमधल्या परदेशी वकिलातींना 55 दिवस वेढा घातला होता, शेवटी आठ देशांच्या फौजांनी तो मोडला.

कुत्र्याची जात जर्मनीची, पण नाव का पडलं यावर एकमत नाहीये, पुढचे पाय उचलून खेळतो म्हणून असं बरेच जण सांगतात.