मिक्सर लावला की ब्रेकर पडतो

प्रश्न : आमचे फ्रीमाँट (कॅलिफोर्निया) येथील घर २०१८ साली बांधलेले आहे. पुण्याहून आणलेला ७५० वॉटचा मिक्सर मी स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरवर चालवते. गेल्या वर्षापासून चटणी वाटायला घेतली की स्वयंपाकघराचा ब्रेकर हमखास पडतो. शिवाय थंडीत मुलीच्या खोलीत हीटर लावला की एखाद्या रात्री तिकडचाही ब्रेकर पडतो. हे दोन्ही ‘आर्क फॉल्ट’ (वायरिंगमधली ठिणगी ओळखून पडणारे) ब्रेकर असून ते उगाचच पडतात, त्यांच्या जागी साधे बसवून देतो, असे वायरिंगचे काम करणारे गृहस्थ म्हणाले. तसे करावे का?
— एक वाचिका, फ्रीमाँट

उत्तर : कृपया तसे करू नका. आपल्या दोन्ही तक्रारी वरवर सारख्या दिसत असल्या तरी माझ्या मते त्या एका जातीच्या नाहीत. मिक्सरची तक्रार त्रासाची आहे, तर मुलीच्या खोलीतली काळजीची आहे, आणि साधा ब्रेकर बसवला तर दोन्ही सारख्याच गप्प होतील.

साधा ब्रेकर फक्त किती प्रवाह वाहतो आहे एवढेच पाहतो. १५०० वॉटचा हीटर १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर घेतो आणि खोलीचा ब्रेकर बहुधा १५ अँपिअरचा असतो. आता समजा, भिंतीतल्या सॉकेटच्या मागे तारेचा स्क्रू सैल झाला आहे आणि त्या केसाएवढ्या फटीतून वीज ठिणगीच्या रूपाने उडी मारते आहे. प्रवाह साडेबाराच्या वर जात नाही, उलट किंचित कमीच होतो, त्यामुळे साध्या ब्रेकरच्या दृष्टीने सर्व काही ठीक असते. ठिणगीचे तापमान मात्र हजारो अंशांत असते. तिच्या शेजारचे प्लास्टिक जळून त्याचा कोळसा होतो, कोळशातून वीज वाहू शकते, आणि पुढची ठिणगी आधीपेक्षा सहज पेटते. अमेरिकेतील घरे मोठ्या प्रमाणावर लाकडी सांगाड्याची असल्यामुळे हे सारे लाकडापासून बोटभर अंतरावर चालू असते.

आर्क फॉल्ट ब्रेकरमध्ये प्रवाहाच्या लहरीचा आकार वाचणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. ६० हर्ट्झच्या विजेत प्रवाह सेकंदाला १२० वेळा शून्यावर येतो. फटीत ठिणगी असेल तर तो शून्यापाशी क्षणभर अडखळतो आणि मग एकदम उसळतो, शिवाय त्यात उच्च वारंवारतेची खरखर मिसळते. ही खूण सलग काही वेळा दिसली की ब्रेकर पडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेने १९९९ च्या आवृत्तीत, २००२ च्या जानेवारीपासून लागू होईल अशा बेताने, प्रथम फक्त शयनगृहांसाठी हे संरक्षण सांगितले. २००८ मध्ये त्यात दिवाणखाना व इतर खोल्या आल्या आणि २०१४ मध्ये स्वयंपाकघर आले, म्हणूनच आपल्या घरात ते ओट्यापर्यंत पोचले आहे.

आता मिक्सर. त्याच्या मोटरमध्ये कार्बनचे दोन ब्रश फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासतात आणि तिथे ठिणग्या उडणे हे त्या मोटरच्या कामातच बसते. अंधारात मिक्सरच्या खालच्या झरोक्यांतून पाहिल्यास निळसर चमक दिसते, ती हीच. चांगला ब्रेकर ही ठिणगी आणि सैल तारेची ठिणगी यांत बहुधा फरक करतो, पण ब्रश झिजले की खरखर वाढते आणि त्याची फसगत होते. आधी ठीक चालणारा मिक्सर गेल्या वर्षापासून ब्रेकर पाडू लागला, हे आपले वाक्य म्हणूनच महत्त्वाचे आहे. पुण्याच्या पुढच्या खेपेत ब्रश बदलून घ्यावेत. त्यानंतरही ब्रेकर पडत राहिला तर त्याच कंपनीचा, त्याच पॅनेलसाठी मान्य असलेला, नव्या बनावटीचा आर्क फॉल्ट ब्रेकरच बसवून घ्यावा, कारण अलीकडच्या बनावटी मोटरच्या ठिणग्या पूर्वीपेक्षा बऱ्या ओळखतात.

हीटरला मात्र ब्रश नसतात. त्यामुळे आधी एक साधी परीक्षा करा : हीटर दुसऱ्या शयनगृहात, तिथल्या आर्क फॉल्ट ब्रेकरवर, आपण जागे असताना दोन-तीन संध्याकाळी चालवा. तिथेही ब्रेकर पडला तर दोष हीटरमध्ये किंवा त्याच्या प्लगमध्ये आहे. तिथे तो मुकाट चालला तर मुलीच्या खोलीच्या वायरिंगवर संशय घ्यावा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनने प्रत्येक सॉकेट उघडून पाहीपर्यंत त्या खोलीत हीटर लावूच नये. सॉकेटच्या मागच्या छिद्रात तार नुसती खुपसलेली असेल तर ती काढून बाजूच्या स्क्रूखाली घट्ट बसवायला सांगावे.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो, कारण आमच्याच घरी पलंगामागचे एक सॉकेट मी याच कारणासाठी उघडले होते. बाहेरची पांढरी पट्टी नव्यासारखी स्वच्छ होती. आत तारेचे आवरण दोन सेंटिमीटरपर्यंत तपकिरी पडले होते, आणि नख लावताच त्याचा पापडासारखा चुरा झाला. तोवर आम्हीही ‘हा ब्रेकर उगाच पडतो’ असेच म्हणत होतो.

काहीही लावलेले नसताना ब्रेकर पडत असेल तर दोन सर्किटांचे न्यूट्रल आपसांत जोडले गेले आहेत का, किंवा न्यूट्रल कुठे अर्थच्या तारेला टेकतो आहे का, हे तपासायला सांगावे. ब्रेकरवरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. आणि एक मर्यादा ध्यानात ठेवावी : सैल जोडणी ठिणगी न उडता नुसतीच तापून लाल होत असेल तर हा ब्रेकर ती ओळखू शकत नाही, तेव्हा सॉकेट हाताला गरम लागले तर ब्रेकर पडण्याची वाट पाहू नये.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत असते. तिथून असा ब्रेकर पाठवते म्हणते. आमच्या तीस वर्षे जुन्या फ्लॅटमध्ये तो बसवता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. तो १२० व्होल्ट व ६० हर्ट्झसाठी बनवलेला असतो. आपली वीज २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची आहे, आणि आपल्या डीबीतल्या (ब्रेकरच्या पेटीतल्या) पट्टीवर तो बसणारही नाही. आपल्या प्रकारच्या विजेसाठी ‘एएफडीडी’ नावाचे उपकरण वेगळे असते, त्याचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६२६०६ असे आहे. परंतु जुन्या फ्लॅटमध्ये पहिला खर्च त्यावर करावा असे मला वाटत नाही. आपल्याकडे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, ते आधी पाहावे. नसल्यास तो प्रथम बसवावा, कारण विजेच्या धक्क्यापासून वाचवण्याचे काम एएफडीडी करत नाही. त्याच भेटीत गीझर, एसी आणि इस्त्रीचे सॉकेट उघडून स्क्रू घट्ट करून घ्यावेत, आणि जिथे तारेचे आवरण काळवंडलेले दिसेल तिथे टेप न गुंडाळता तो भाग कापून नवी तार ओढून घ्यावी.