स्कीइंग येत नसेल तर हिवाळ्यात स्कीच्या गावी जाऊन बाहेर काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की स्कीच्या गावी पाच दिवसांचा मुक्काम आहे, बरोबर साठी ओलांडलेले आई-वडील आणि आठ वर्षांची मुलगी आहे, स्की कुणालाच येत नाही, मग दिवसभर खिडकीतून बर्फ बघत बसायचं का? मुळीच नाही. मी अशा गावांत जाते तेव्हा माझा बराचसा वेळ स्कीशिवायच जातो, आणि मला तोच जास्त आवडतो. माझं ऐकाल तर पहिल्याच दिवशी सगळ्यांसाठी स्नोशू भाड्याने घ्या आणि चालायला लागा. बाकीचं नंतर ठरवता येईल.

स्नोशू म्हणजे नेहमीच्या बुटाखाली पट्ट्यांनी आवळायची रुंद, पसरट चौकट. अंगाचं वजन मोठ्या जागेवर विभागलं जातं, त्यामुळे साध्या बुटांनी गुडघ्यापर्यंत रुताल तिथे पाय थोडासाच खाली जातो. शिकायला फार वेळ लागत नाही. पाय जरा फाकवून चालायचं, म्हणजे एक चौकट दुसरीवर पडत नाही. मागे पाऊल टाकायचं नाही. वळायचं असेल तर छोटी गोल चक्कर घेऊन वळायचं. काठ्या जरूर घ्या, पण टोकाशी रुंद चकती असलेल्याच, नाहीतर भुसभुशीत बर्फात काठी मुठीपर्यंत आत जाते. बऱ्याच स्नोशूंना टाचेखाली एक आडवा दांडा असतो. चढावर तो उभा केला की पोटऱ्या भरून येत नाहीत. तुमच्या आई-वडिलांना तो आधी नीट दाखवा. उन्हाळ्यात तासाभराची असलेली वाट बर्फात दीड-दोन तासांची धरा आणि अंधार पडायच्या बऱ्याच आधी परत फिरा.

रात्री बर्फ पडून सकाळी उघडीप झाली, तर तो दिवस चुकवू नका. ताज्या बर्फावर रात्रीची सगळी ये-जा उमटलेली असते आणि मुलीला ती वाचायला फार आवडेल. सशाचे ठसे चारच्या गटात असतात: दोन लहान, साधारण एकामागे एक, आणि त्यांच्या पुढे शेजारी-शेजारी दोन मोठे, लांबट. लहान ठसे पुढच्या पायांचे आणि मोठे मागच्या पायांचे, कारण उडी मारताना मागचे पाय पुढच्यांना ओलांडून पुढे पडतात. त्यामुळे ससा गेला ती दिशा मोठ्या ठशांची. कोल्हा मागचा पाय बहुतेक वेळा पुढच्याच ठशात ठेवतो, म्हणून त्याचा माग दोरी आखल्यासारखा सरळ जातो. माग बघा, पण प्राण्याच्या मागे जाऊ नका. हिवाळ्यात अन्न कमी असतं आणि खोल बर्फातून पळताना त्याची साठवलेली शक्ती खर्च होते. आखलेली वाट सोडू नये, याचं हे एक कारण.

दुसरं आणि मोठं कारण हिमस्खलन. बर्फाचे थर सुटून घसरतात ते बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर. तुम्ही सपाटीवर चालत असाल तरी वरच्या बाजूला असा उतार आहे का, हे पाहावं लागतं. पुष्कळ डोंगराळ भागांत हिवाळ्यात हिमस्खलनाच्या धोक्याचं पत्रक रोज निघतं. त्यात १ ते ५ अशा पातळ्या असतात. ३ म्हणजे 'मधला, चालेल' असं समजू नका; जीवघेण्या अपघातांपैकी फार मोठा वाटा याच पातळीच्या दिवसांचा असतो. तुमच्यासाठी नियम सोपा आहे: हिवाळी पायवाट म्हणून खुणा केलेल्या आणि त्या दिवशी उघड्या असलेल्या वाटांवरच जा. बंदीची पाटी असेल तर पलीकडे कितीही पावलं उमटलेली दिसली तरी जाऊ नका.

आई-वडिलांना वरचं दृश्य दाखवायला केबल कार किंवा गोंडोला उत्तम, चालत येणाऱ्यांसाठीही तिकीट असतं का एवढं आधी विचारा. फक्त उंचीचा विचार करा. फ्रान्समधलं शामोनी गाव साधारण १,०३५ मीटरवर आहे आणि तिथून एग्युई द्यु मिदीचं शिखर ३,८४२ मीटरवर. केबल कार एवढी चढण काही मिनिटांत संपवते. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. वर गेल्यावर सावकाश चाला. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर थांबून वाट बघू नका, खाली या. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. एक मात्र सांगते: खाली दरीत सकाळी धुकं आणि कडाका असला म्हणून बेत रद्द करू नका. निरभ्र रात्री थंड, जड हवा दरीत साचते आणि कधीकधी वर लख्ख ऊन आणि खालच्यापेक्षा ऊबही असते.

मुलीसाठी स्लेज, म्हणजे बर्फावरून घसरायची बिनचाकी घसरगाडी. यात मी फार काटेकोर आहे. हेल्मेट हवंच. बसून, पाय पुढे करून घसरायचं. पालथं पडून डोकं पुढे ठेवून नाही. वेग कमी करायला दोन्ही टाचा बर्फात दाबायच्या. उतार स्लेजसाठी राखलेला हवा आणि शेवटी मोकळी सपाटी हवी, झाडं, कुंपण किंवा रस्ता नको. स्कीचे उतार संध्याकाळी बंद झाले की रिकामे, गुळगुळीत दिसतात आणि तिथे स्लेज न्यायचा मोह होतो. तिथे अजिबात जाऊ नका. रात्री तो उतार सारखा करणारी अवजड यंत्रं चालतात आणि तीव्र चढावर ती लांबलचक पोलादी दोराला अडकवलेली असतात. तो ताणलेला दोर अंधारात दिसत नाही, आणि त्याने माणसं मेलेली आहेत.

तुम्हाला स्वतःला घाम गाळायचा असेल तर क्रॉस-कंट्री स्की करून बघा. ती अरुंद, हलकी, टाच मोकळी राहणारी स्की असते, बरीचशी सपाटीवर चालते आणि पहिल्याच धड्यात थोडंफार जमतं. त्यासाठी बर्फात दोन समांतर खाचा पाडलेल्या असतात; पायी चालताना त्यांवरून जाऊ नका, मागून येणाऱ्याची वाट मोडते. स्केटिंग मुद्दाम तयार केलेल्या रिंकवर करा. गोठलेल्या तळ्यावर उतरायचं तर स्थानिक यंत्रणेने ते खुलं केलेलं असेल तेव्हाच. एका माणसाच्या वजनाला घट्ट, पारदर्शक बर्फाचा निदान १० सेंटिमीटर थर लागतो, आणि पांढरट बर्फ त्याहून बराच कमजोर असतो. ओढा तळ्याला मिळतो तिथे थर नेहमीच पातळ.

स्नोमोबाइल मी सुचवणार नाही. आवाज आणि धूर फार, आणि मुलीला मागे बसवून नेण्यात जोखीम आहे.

कपड्यांत सुती काहीही अंगालगत नको, मोजेसुद्धा नकोत. सूत घाम धरून ठेवतं आणि थांबलात की अंग गार पडतं. आत लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा थर, मध्ये ऊबदार, वर वारा अडवणारा. चालायला सुरुवात करताना थोडी थंडी वाजायला हवी. ऊब वाटत असेल तर एक थर आत्ताच काढा, घाम येण्याची वाट पाहू नका. बुटांत दोन-दोन मोजे कोंबू नका, पाय आवळला की रक्त पोचत नाही आणि बोटं आणखी गारठतात. मुलीला पाच बोटांच्या हातमोज्यांऐवजी पिशवीसारखे घ्या, बोटं एकमेकांना ऊब देतात. तिच्या गालावर किंवा नाकावर फिकट, बधिर डाग दिसला तर चोळू नका. आत नेऊन कोमट हाताने झाका.

आणि ऊन. उंचीबरोबर अतिनील किरणं दर १,००० मीटरला साधारण १० टक्क्यांनी वाढतात, शिवाय ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या बाजूलाही लावा, आणि गॉगल ढगाळ दिवशीही काढू नका. डोळे भाजल्याचं लगेच कळत नाही, काही तासांनी वाळू गेल्यासारखे खुपायला लागतात.

मुलगी इतर मुलांना बघून स्कीचा हट्ट धरेलच. धरू द्या. नवशिक्यांच्या उतारावर मुलांना वर नेणारा सरकता पट्टा असतो आणि त्यांचे वर्ग वेगळे भरतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीच नाव घाला, शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका. एकदा आवडलं की तिला दुसऱ्या दिवशी परत जायचं असतं.