सूप जिथं थांबलं

प्रिय बाबू,

तुझी अकरा मिनिटांची फिल्म दोनदा पाहिली. एकदा बासरी ऐकत, एकदा आवाज बंद करून. बासरी काढ. आजी एकटी आहे हे बासरीला सांगावं लागत असेल, तर ते पडद्यावर आलेलंच नाही.

शॉट किती लांब ठेवू, असं विचारतोस. तुझ्या वयात मी एक फिल्म गणपतीच्या मांडवात दाखवली होती. लोक उठून गेले, मी त्यांच्यावरच चिडलो. एक बुढा तेवढा शेवटपर्यंत बसला. म्हणाला, "बैल पानी पिऊन गेला ना बाप्पा, मंग तू काहून थांबला?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

बेल्जियमची दिग्दर्शिका शांताल आकरमान, तिच्या 'जान दिएलमन' या फिल्ममध्ये (१९७५) ते उत्तर आहे. तीन तास एकवीस मिनिटं एक विधवा बाई बटाटे सोलते, भांडी घासते, पलंग आवरते. कंटाळा येतो, येऊ दे. तोवर तिचं रोजचं वळण आपल्या अंगात मुरतं. म्हणून दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजले की पोटात गोळा येतो. एरवी बटाट्याला कोण घाबरतं? मणी कौलच्या 'उसकी रोटी'त (१९६९) नवऱ्याच्या बसची वाट पाहत, रोटी घेऊन उभी राहिलेली बाई आहे. पंजाबातली, पण आपल्या फाट्यावर उभी केली तर कुणी परकी म्हणणार नाही.

आता तुझी आजी. ओसरीवर तूर पाखडतेय. सातव्या मिनिटाला एसटीचा हॉर्न वाजतो आणि सूप थांबतं. ती मान वर करत नाही, नुसते कान देते. आणि लेका, तू तिथंच कट मारून डोंगरामागचा सूर्य दाखवलास! तोही दोन मिनिटं!

पुन्हा घे. मोबाइल बाजेवर ठेव, बसलेल्या आजीच्या बरोबरीला. आधी पाखडणं भरपूर येऊ दे: फोल उडणं, खडे वेचणं, सुपाची लय कानात बसेपर्यंत. मधे कापसाचा ट्रक गेला तर जाऊ दे. हॉर्न वाजल्यावर हात लावू नको. सूप परत चालू होईतो थांब. पहिल्या झटक्याला चार दाणे बाहेर सांडले, तर तुझं नशीब.

शनिवारी येतो, पण मोटरसायकलनं. संध्याकाळच्या एसटीतून मी उतरलो तर आजी चहा ठेवायला उठेल आणि शॉट जाईल.

तुझा,
काका