आधी वाद्य, मग गणवेश

प्रिय तरुण वादकास,

अमेरिकी लष्कराच्या बॅन्डमधली नोकरी आणि यादवी युद्धाच्या काळातलं (१८६१ ते १८६५) ब्रास बॅन्डचं (पितळी फुंकवाद्यांच्या पथकाचं) संगीत पुन्हा उभं करणं, ही दोन्ही कामं तुला करायची आहेत. ती एका माणसाला जमतात. मात्र दोन्हींसाठी ओठांची तयारी वेगवेगळी लागते, हे आधीच ध्यानात घे.

नोकरीचं थोडक्यात सांगतो. मरीन कोअर या दलाच्या, १७९८ सालापासूनच्या मरीन बॅन्डमध्ये निवड झाली तर प्राथमिक लष्करी प्रशिक्षण करावं लागत नाही. लष्कराच्या (आर्मीच्या) बॅन्डसाठी मात्र ते १० आठवड्यांचं प्रशिक्षण चुकत नाही, आणि त्या काळात रियाज तुटतो. परतल्यावर रोज १५-१५ मिनिटांच्या तीन बैठका कर, मधल्या सप्तकात आणि हळू आवाजात. पहिल्याच आठवड्यात वरचे स्वर काढायला गेलास तर माऊथपीस (वाद्याचा ओठांना लावायचा भाग) ओठांवर दाबून वाजवायची सवय लागते. ती मोडायला फार वेळ जातो.

ट्रम्पेटवादकाची खरी कसोटी ‘टॅप्स’मध्ये, म्हणजे लष्करी दफनविधीत एकट्याने वाजवायच्या छोट्या सुरावटीत लागते. जुलै १८६२ मध्ये व्हर्जिनियातल्या हॅरिसन्स लँडिंगच्या तळावर जनरल बटरफील्ड यांनी या सुरावटीला आजचं रूप दिलं. स्वर २४, पण वेगवेगळ्या उंचीचे फक्त चार, आणि व्हॉल्व्ह (सूर बदलणारी कळ) एकही दाबायचा नाही. सहावा स्वर जपून घे, कारण चढती उडी तिथे पहिल्यांदा वरच्या ‘मी’ (E) या स्वरावर जाते. २५ नोव्हेंबर १९६३ रोजी आर्लिंग्टनला राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या दफनविधीत सार्जंट कीथ क्लार्क यांचा नेमका हाच स्वर फुटला. ते थंडीत बराच वेळ उभे होते. थंडीत ओठ जड होतात आणि वाद्यातली हवा गार झाली की दर अंश सेल्सियसला सूर सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) उतरतो. म्हणून वाजवायची वेळ येईपर्यंत माऊथपीस हातमोज्यात मुठीत धर. ते परत बसवल्यावर आवाज न करता वाद्यातून गरम श्वास सोडत राहा.

आता जुन्या बॅन्डकडे येऊ. नवीन पथकं पहिला पैसा निळ्या कोटांवर आणि पितळी बटणांवर घालवतात. तू तसं करू नकोस. आधी वाद्यं, मग स्वरलिपीच्या वह्या, आणि उरलं तर गणवेश.

जुलै १८६२ च्या कायद्याने स्वयंसेवक रेजिमेंटांचे बॅन्ड बंद झाले आणि ब्रिगेडला १६ वादकांचा बॅन्ड ठेवायची मुभा राहिली. तुझ्यासाठीही १६ हा चांगला आकडा आहे, पण सुरुवात दहा जणांत होते: ई-फ्लॅट कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं, पण मऊ आवाजाचं वाद्य; ई-फ्लॅट, बी-फ्लॅट हे वाद्यांचे मूळ सूर) दोन, बी-फ्लॅट कॉर्नेट दोन, मग क्रमाने खालच्या सुराची वाद्यं, म्हणजे ई-फ्लॅट आल्टो दोन, टेनर, बॅरिटोन आणि ई-फ्लॅट बास एकेक, आणि एक ढोलकरी. मुख्य सुरावट बहुतेक वेळा ई-फ्लॅट कॉर्नेटकडे असते. इथे ट्रम्पेट चालणार नाही. त्याचा उजळ, टोकदार आवाज बाकीच्या शंकूसारख्या रुंदावत जाणाऱ्या नळ्यांत मिसळत नाही. माऊथपीसही खोल, नरसाळ्याच्या आकाराचं घे. पातळ कडेमुळे सुरुवातीला दम लवकर जाईल, ते सोसावं लागतं.

सर्वांत जास्त वेळ सूर जुळवण्यात जाईल. त्या काळची बरीच वाद्यं चढ्या सुराची आहेत. समज, तुझं वाद्य आजच्या ४४० हर्ट्झऐवजी ४५२ ला लागतं. हा फरक सुमारे ४७ सेंटचा, म्हणजे जवळपास अर्ध्या अर्धस्वराचा. सगळी वाद्यं जुनी असतील तर सरळ चढ्या सुरातच वाजवा, ते उत्तम. आजचं वाद्य मिसळायचं असेल तर जुनी वाद्यं खाली आणावी लागतात, कारण आजचं वाद्य तेवढं वर जात नाही. त्यासाठी नळी २.७ टक्के लांब हवी. ई-फ्लॅट कॉर्नेटची नळी साधारण १ मीटर, तिची मुख्य स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) सुमारे १४ मिलिमीटर ओढली की झालं, कारण स्लाइडला दोन बाजू असल्याने नळी ओढीच्या दुप्पट वाढते. ई-फ्लॅट बासची नळी ४ मीटर, तिथे साडेपाच सेंटिमीटर लागतात. पण फक्त मुख्य स्लाइड ओढून थांबलास तर व्हॉल्व्ह दाबलेले सगळे स्वर चढे राहतील. प्रत्येक व्हॉल्व्हची स्लाइडही त्याच प्रमाणात ओढायला हवी. बासच्या पहिल्या व्हॉल्व्हला ६ ते ७ मिलिमीटर पुरतात. स्लाइड जाम असेल तर पक्कड लावू नकोस. सांध्यावर पातळ तेल सोड, दिवसभर थांब, मग हाताने हलव.

या वाद्यांत अनेकदा रोटरी व्हॉल्व्ह (आतला रोटर फिरून हवेची वाट बदलणारे) असतात, आणि काहींत ते दोरीने फिरतात. दोरी घट्ट विणीचीच लागते, सुती दोरा ताणला जातो. टोकाला गाठ मार, कळीच्या दांडीच्या भोकातून दोरी ओव, रोटरच्या मुठीला वळसा घालून मधल्या स्क्रूखाली अडकव, उलट बाजूने परत आण आणि दांडीच्या टोकाच्या स्क्रूखाली आवळ. वरून इंग्रजी आठाचा आकार दिसला पाहिजे. मधला स्क्रू शेवटी आवळ, कारण कळींची उंची त्यावरच ठरते. रोटर आणि झाकणावरच्या खुणा दोन्ही टोकांना जुळत नसतील तर रोटरला थांबवणारे बुचाचे तुकडे बदल. नाहीतर हवा अडते आणि वादक बिचारा स्वतःच्या ओठांना दोष देत बसतो.

खांद्यावरून मागे तोंड केलेली वाद्यं मिळाली तर जागेचा विचार कर. मागून चालणाऱ्या सैनिकांना ऐकू जावं म्हणून ती तशी केली होती. सभागृहात श्रोत्यांकडे तोंड करून बसलात तर सगळा आवाज मागच्या भिंतीवर जातो. श्रोत्यांकडे पाठ करा, किंवा पुढे वा वर तोंड असलेली वाद्यं घ्या.

वह्यांपैकी २६ व्या नॉर्थ कॅरोलायना रेजिमेंटच्या बॅन्डच्या वह्या विन्स्टन-सेलमच्या मोरेव्हियन म्युझिक फाउंडेशनने जपल्या आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात १८५० च्या दशकातल्या छापील बॅन्ड-रचना मिळतात. हस्तलिखित वह्यांत बहुधा पूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांचे भाग एकत्र दाखवणारी स्वरलिपी) नसतो, प्रत्येक वादकाची वही वेगळी. आधी प्रत्येक भागाचे बार (उभ्या रेघांमधले तालाचे खंड) मोज आणि कागदावर एकाखाली एक लिही. आकडे जुळले नाहीत तर नकलकाराने ओळ बदलताना एखादा बार गाळला असण्याची शक्यता मोठी, म्हणून ओळींची टोकं आधी तपास. एखादी वही हरवलेली असेल तर तो भाग बास आणि आल्टोवरून नव्याने रच आणि त्यावर स्वच्छ लिही की तो नवा आहे. पुढच्या पिढीने तुझी भर जुनी समजू नये.

पहिल्या तालमीसाठी तीन रचना पुरे: एक मार्च, एक संथ स्तोत्र, एक पोल्का. स्तोत्र आधी घ्या. सूर कुठे हलतो ते संथ चालीतच ऐकू येतं. कोणाची कुठली स्लाइड किती ओढली ते त्याच दिवशी वहीत टिपून ठेव आणि मला कळव.

तुझा हितचिंतक