किराईत, चिराईत आणि कासचे निळे फूल

प्रश्न असा आला आहे: कोकणात परसातून उपटून तापावर उकळून देतात ते किराईत, काष्ठौषधीच्या दुकानात पुडीत मिळते ते काडेचिराईत आणि कासच्या पठारावर वाटाड्याने दाखवलेले निळ्या फुलाचे 'चिराईत', ही एकच वनस्पती का? आणि शुद्ध रूप कोणते, किराईत की चिराईत?

रूपाचे आधी सांगतो. दोन्ही बरोबर आहेत. संस्कृत नाव किराततिक्त, म्हणजे किरातांच्या डोंगराळ मुलखातले कडू औषध. प्राकृतात 'किरात'मधल्या 'क'चा 'च' होतो. 12व्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात या एका शब्दासाठी स्वतंत्र सूत्र आहे, 'किराते चः'. त्यातही बारकावा असा, की रानात राहणारा किरात 'च' घेतो. किराताचे रूप घेतलेल्या शंकराबद्दल बोलताना मात्र 'क' तसाच राहतो. इतक्या नेमकेपणाने एका शब्दाकडे पाहणाऱ्या वैयाकरणापुढे हात जोडावेसे वाटतात. मराठीत दोन्ही ध्वनी नांदले, त्यामुळे कोकणातले किराईत अशुद्ध आणि दुकानातले चिराईत शुद्ध, असे काही नाही.

वनस्पतींचे मात्र तसे नाही. त्या तीन आहेत, आणि त्यांतल्या दोनच एका कुळातल्या.

दुकानातले काडेचिराईत म्हणजे स्वेर्शिया चिरायिता. ते जेन्शियन कुळातले, हिमालयाच्या उतारांवर काश्मीरपासून भूतानपर्यंत वाढणारे. सह्याद्रीत ते रानात सापडत नाही. वाळलेल्या काड्यांच्या रूपात येते म्हणून 'काडे'. परसातले ते 'ओले किराईत', म्हणजे कालमेघ. त्याचे कूळ अडुळशाचे आणि कोरांटीचे. जुन्या लोकांनी लावलेली ही दोन विशेषणे मला फार मोलाची वाटतात. नाव एकच असताना गोंधळ होऊ नये याची सोय त्यांनी 'काडे' आणि 'ओले' एवढ्यावरच केली होती. आपण विशेषण गाळले आणि गोंधळ सुरू झाला. भूनिंब या नावाचेही तेच. संस्कृतात ते किराततिक्ताला लावतात, आणि तमिळमध्ये त्याच अर्थाचे निलवेंबू हे नाव कालमेघाचे आहे.

पाने समोरासमोर, खोड चौकोनी, चव जहरी कडू. या तिन्ही खुणा काडेचिराईत आणि कालमेघ या दोघांत असल्याने त्यांवर विसंबू नये, फूल पाहावे. कालमेघाचे फूल बारीक, पांढरे, जांभळ्या खुणांचे आणि दोन ओठांचे, पुंकेसर दोनच. त्याची शेंग तडकून बिया लांब फेकते. चिराईताचे फूल सारख्या चार पाकळ्यांचे, हिरवट पिवळे, जांभळी झाक असलेले, आणि प्रत्येक पाकळीच्या बुडाशी मधाचे दोन खळगे, कडेला झालर असलेले. भिंगातून एकदा पाहिले की विसरत नाही. याच खळग्यांवरून खुद्द स्वेर्शियातले भाऊबंदही ओळखतात. स्वेर्शिया अँगुस्टिफोलिया नावाची जात चिराईत म्हणून खपवली जाते, तिच्या पाकळीवर खळगा एकच असतो. वाळलेल्या मालात फूल हाती लागले नाही तर काडी मोडून पाहावी. अस्सल काडी तपकिरी-जांभळट, आत पिवळसर गाभा सलग, आणि कडूपणा जिभेवरून हटत नाही. फुलोऱ्यावर आलेले झाड मुळासकट उपटत गेल्याने हिमालयात ते विरळ झाले आहे. भेसळ होते ती त्यामुळेही.

आता कासचे निळे फूल. ते एक्झाकम. कूळ जेन्शियनचेच, म्हणून वाटाड्याने त्याला चिराईत म्हटले ते निराधार नाही. पण काडेचिराईत हे नव्हे. तिथे दिसणारे एक्झाकम लॉवी वीतभर उंचीचे, जांभळट निळ्या फुलांचे. मधोमध ठळक पिवळे परागकोश असतात आणि त्यांच्या टोकाला छिद्र असते, पराग तिथून बाहेर पडतात. मधाचे खळगे इथे शोधू नका, ते नाहीतच. याचा मोठा भाऊ एक्झाकम बायकलर. तो चांगला गुडघाभर वाढतो, पाकळ्या पांढऱ्या आणि टोके निळी. त्याला उदी चिराईत म्हणतात. इथेही विशेषणच कामाला आले.

सह्याद्रीचा स्वतःचा स्वेर्शियाही आहे, महाबळेश्वरच्या बाजूला पावसाळा सरता सरता पांढऱ्या फुलांनी भरणारा स्वेर्शिया डेन्सिफोलिया. त्याला लोक नुसते 'कडू' म्हणतात.

याच कुळातली कडू नाय, म्हणजे गुजरातीतला मामेजवो, हिंदीत 'छोटा चिरायता' होते. ती ओळखणे सर्वांत सोपे: अरुंद, देठ नसलेली पाने आणि प्रत्येक पानाच्या बगलेत पांढऱ्या फुलांचा झुबका. लिहिताना कृपा करून नुसते 'चिराईत' लिहू नका. काडे, ओले, उदी, छोटे, जे असेल ते विशेषण पुढे लावा. पाककृती असो, औषध असो वा फुलांच्या फोटोखालची ओळ, वाचणारा नेमक्या झाडापाशी पोहोचेल.