‘बारापर्यंत येतोच’: सुट्टीतली सायकल आणि दोन घड्याळे

कुटुंबाला घेऊन सुट्टीवर गेल्यावर रोज काही तास स्वतःच्या सायकलसाठी काढणे हा स्वार्थ आहे का, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत माझ्याकडे वारंवार येतो. विचारणारे बहुधा चाळिशीतले पुरुष असतात, क्वचित स्त्रियाही असतात, आणि जवळजवळ प्रत्येकाने उत्तर मनात आधीच ठरवलेले असते. त्यांना माझ्याकडून फक्त शिक्कामोर्तब हवे असते. मी ते करत नाही, कारण माझ्या अनुभवात अशा घरांतले भांडण सायकलचे क्वचितच असते. जर्मनीत स्थायिक झालेल्या एका मराठी दांपत्याचे उदाहरण त्या दोघांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे मांडते आहे.

नवरा-बायको दोघेही नोकरी करणारे, मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच वर्षांची. नव्वद दिवसांच्या व्हिसावर साताऱ्याहून आलेल्या सासूबाईही सोबत होत्या. दक्षिण जर्मनीतल्या शाळांना मे-जूनच्या सुमारास दोन आठवड्यांची सुट्टी असते आणि त्या सुट्टीत निम्मी जर्मनी मायोर्काला जाते. जर्मनीत सोळा राज्ये असली तरी स्पेनच्या या बेटाला तिथले लोक थट्टेने ‘सतरावे राज्य’ म्हणतात. सायकल चालवणाऱ्यांसाठी तर ते तीर्थक्षेत्रच आहे. बेटाच्या वायव्य बाजूला त्रामुंताना ही डोंगररांग पसरलेली आहे आणि 2011 पासून ती जागतिक वारसा स्थळ आहे. दगडी बांधांच्या पायऱ्यांवर ऑलिव्हची जुनी झाडे उभी आहेत, आणि त्यांच्यामधून जाणारे रस्ते इतके चांगले आहेत की युरोपातले व्यावसायिक संघ हिवाळ्यात सरावाला तिथे येतात. अशा ठिकाणी सायकलवेडा माणूस मुलांच्या बादली-फावड्यांसह वाळूवर नऊ दिवस बसून राहील ही अपेक्षा करणे कठीण आहे, हे मी पत्नीलाही पहिल्याच भेटीत सांगितले.

‘‘मॅडम, माझी हरकत सायकलला नाहीच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण बॅग भरताना त्याच्या सायकलची पेडल्स पायमोज्यात गुंडाळून सगळ्यात आधी जातात, आणि मुलांची तापाची औषधं मला आठवावी लागतात.’’ सायकल तिथे भाड्याने मिळते, पण पेडल्स आपापल्या बुटांना बसणारी न्यावीत असा रिवाज आहे, असे नवऱ्याने घाईने स्पष्ट केले. ते खरेच होते, पण पत्नीच्या बोलण्याचा रोख पेडल्सवर नव्हता.

वादाचे मूळ होते आदल्या वर्षीच्या एका बुधवारात. ते उतरले होते बेटाच्या उत्तरेला, पोर्ट दे पोयेन्सा या गावात. नवरा पावणेआठला निघाला आणि जाताना ‘बारापर्यंत येतोच’ असे म्हणाला. बेत सा कालोब्राचा होता. हा रस्ता अंतोनी पारिएत्ती या अभियंत्याने आखला आणि 1932 मध्ये तो पूर्ण झाला. डोंगरमाथ्यावरून तो सुमारे साडेनऊ किलोमीटर वळणे घेत थेट समुद्रापर्यंत उतरतो आणि एका ठिकाणी पूर्ण वळसा घालून स्वतःच्याच खालून जातो. सायकलवाल्याच्या दृष्टीने त्यातली मेख अशी की आधी उतार लागतो आणि मग तोच उतार चढून वर यावे लागते. बाहेर पडायला दुसरा रस्ता नाही. एकदा खाली गेलात की ‘आज अर्ध्यातूनच परत फिरू’ हा पर्याय संपतो. पोर्ट दे पोयेन्सापासून जाऊन-येऊन हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास पडते आणि चढ मिळून सुमारे 2000 मीटर होतो.

तो परतला तेव्हा दुपारचे तीन वाजायला दहा मिनिटे होती. त्या दिवशी सगळ्यांनी भाड्याच्या मोटारीने दुसऱ्या एका किनाऱ्यावर जायचे ठरले होते, आणि मोटारीची किल्ली त्याच्या सायकलच्या जर्सीच्या मागच्या खिशात राहिली होती. मुले टोप्या घालून, फुगवलेली रबरी मगर मांडीवर घेऊन जिन्यात बसली होती. सासूबाईंनी बांधून घेतलेला तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा डबा बारा वाजताच उघडला गेला होता. डोंगरात फोनला रेंज नव्हती.

मी दोघांना वेगवेगळे बसवून त्या बुधवारचे तास कागदावर मांडायला सांगितले. ही पद्धत मी वरचेवर वापरते, कारण आठवण तोंडी सांगताना माणूस वकिली करतो, पण रकाने भरताना थोडा प्रामाणिक होतो. नवऱ्याने कागदावर लिहिले: ‘सायकल, 4 तास 52 मिनिटे.’ पत्नीने लिहिले: ‘सायकल, 7 तास 5 मिनिटे. नंतर झोप, 2 तास.’ दोघांचेही आकडे खरे होते. नवऱ्याने आपला आकडा स्ट्राव्हा या अॅपवरून घेतला होता आणि ते अॅप चाके फिरत असतील तेवढाच वेळ ‘चालता वेळ’ म्हणून दाखवते. युकच्या मठाजवळची कॉफी, पंक्चर, पाणी भरणे, वळणावर पर्यटकांच्या बसला वाट देत उभे राहणे, यांतले काहीच त्यात धरलेले नसते. घरचे घड्याळ मात्र दार बंद झाल्यापासून चालू होते आणि तो माणूस अंघोळ करून, जेवून, पुन्हा मुलांच्या प्रश्नांना उत्तर देण्याइतका जागा होईपर्यंत थांबत नाही.

ते दोन कागद शेजारी ठेवल्यावर नवरा बराच वेळ गप्प होता. वर्षभर तो मनापासून असे समजत होता की बायको पाच तासांना सात म्हणते, म्हणजे वाढवून सांगते; आणि तो सातांना पाच म्हणतो, म्हणजे धडधडीत खोटे बोलतो, असे पत्नी समजत होती.

दुसरी गोष्ट परवानगीची. इतर दिवशी नवरा सकाळी नाश्त्याच्या टेबलावर, मुलांच्या आणि आईच्या देखत, ‘जाऊ का जरा?’ असे विचारायचा. त्याच्या मते हा समजूतदारपणा होता. पण या प्रश्नाला बायकोकडे धड उत्तर नसते: ‘नको’ म्हटले तर सगळ्यांसमोर तीच वाईट ठरते, आणि ‘जा’ म्हटले तर दिवसाची सगळी जबाबदारी न बोलता तिच्या अंगावर येते. त्यातून घरात सासूबाई, म्हणजे त्याची आई. परक्या देशात त्यांना भाषा येत नाही, दुपारी गरम पोळी लागते, गुडघे दुखतात. नवरा सायकलवर गेला की त्याच्या आईची सोबत करायची ती सुनेने. हे वाक्य मी त्याच्याकडून त्याच्या स्वतःच्या शब्दांत वदवून घेतले, कारण ते माझ्या तोंडून आले असते तर त्याने मान डोलावली असती आणि विसरला असता.

मुलाचा एक उल्लेख मात्र मला अजून आठवतो. सकाळी उठल्यावर तो आधी दारामागच्या खुंटीकडे बघायचा. हेल्मेट तिथे असेल तर बाबा घरात, नसेल तर ‘बाबा संध्याकाळी भेटेल’.

नवऱ्याला सायकल का लागते, हेही मी विचारले. त्याने चढावर डोके शांत होते एवढेच सांगितले, आणि मला ते पुरेसे वाटले. माणसाने सुट्टीत कुटुंबासाठी पूर्णवेळ हजर असले पाहिजे, हा आग्रह मला पटत नाही. चोवीस तास एकमेकांच्या डोळ्यांसमोर असलेली कुटुंबे चौथ्या दिवशी तिखट होतात हे मी पुरेसे पाहिले आहे. प्रश्न एवढाच असतो की ते तास आधी सांगून घेतले जातात की दिवसातून हळूच कापले जातात.

पुढच्या सुट्टीच्या दीड महिना आधी दोघे पुन्हा व्हिडिओवर आले. जर्मनीत संध्याकाळचे सहा म्हणजे माझ्याकडे रात्रीचे साडेनऊ. नऊ दिवसांत सायकलच्या चार फेऱ्या, असा आकडा बराच वाद होऊन ठरला. त्याला सहा हव्या होत्या आणि तिला दोन पुरेशा वाटत होत्या. अट एकच घातली: प्रत्येक फेरी घरच्या घड्याळाने लिहायची.

तीन फेऱ्या पहाटेच्या होत्या. जूनच्या सुरुवातीला तिथे सूर्य सहा-वीसच्या सुमारास उगवतो आणि रात्री सव्वानऊला मावळतो. सहाला निघाले तर घर जागे होण्याआधी निम्मे काम उरकते आणि ऊनही टळते. पोर्ट दे पोयेन्साहून फोर्मेंतोरच्या टोकावरचे 1863 मधले दीपगृह गाठून परतायला 40 किलोमीटर होतात. तो रस्ताही पारिएत्तींचाच आहे, वाटेत एक अंधारा बोगदा असल्यामुळे दिवा सोबत लागतो, आणि उन्हाळ्यात दिवसा त्यावर खासगी मोटारींना बंदी असली तरी सायकलला नसते. सव्वानऊला दारात, येताना बेकरीतून एन्साइमादा ही गोल गुंडाळलेली, वरून पिठीसाखर भुरभुरलेली गोड पाव घेऊन, असे त्याने स्वतःच कागदावर लिहिले. खाऊ आणण्याची कल्पना मला थोडी लाचेसारखी वाटली, पण मुलांना चालणार असेल तर मी कोण बोलणारी.

चौथी फेरी मोठी होती आणि तिचा आराखडा बदलला. जाऊन-येऊन करण्याऐवजी त्याने एकाच दिशेने, डोंगरातून सोयेरपर्यंत जायचे, आणि बाकीच्यांनी मोटारीने बोगद्यातून तिथे पोहोचायचे. सोयेरला संत्र्यांच्या बागा आहेत आणि तिथून बंदरापर्यंत 1913 पासून धावणारी लाकडी ट्राम आहे. म्हणजे तो पोहोचो न पोहोचो, बाकीच्यांचा दिवस सुरू झालेला असणार होता. परतीला पुढचे चाक काढून सायकल डिकीत. पत्नीने मात्र येथे मला थांबवले. अनोळखी देशात दोन मुले आणि सासूबाईंना घेऊन गाडी चालवणे ही तिला भेट वाटत नव्हती, तर आणखी एक काम वाटत होते. तिचे बरोबर होते, आणि ते माझ्या लक्षात यायला हवे होते. शेवटी घाटाचा रस्ता तिने सपशेल नाकारला, सरळ महामार्ग आणि बोगदा मान्य केला, आणि सुट्टीभर किल्ली आपल्याकडेच राहील असे सांगितले.

मुलांसोबत साल्बुफेराच्या पाणथळ अभयारण्यात, जिथे मोटारी नेता येत नाहीत, सायकलने एक चक्कर मारायचीही ठरली. ती चारांत धरायची का, असे नवऱ्याने विचारले. मी नाही म्हटले. पाच वर्षांच्या मुलीला मागे बसवून, बगळे दिसले की थांबत, दोन तासांत आठ किलोमीटर जाणे ही त्याची फेरी नव्हे, आणि ती त्याने बायकोवर केलेला उपकारही नव्हे. मुलांना हेल्मेट घालावेच लागते, स्पेनमध्ये सोळा वर्षांखालच्यांना तो कायदाच आहे, त्यामुळे निदान त्या एका बाबतीत वाद नव्हता.

पत्नीला तिच्या तासांत काय करायचे आहे, हे विचारल्यावर ती गोंधळली. पोहायला जाशील, बाजारात जाशील, अशा नवऱ्याच्या सूचनांना तिने मान हलवली आणि मग म्हणाली, ‘‘दोन तास मला कुणी सनस्क्रीन कुठे आहे ते विचारू नका. बाकी काही नको.’’ ते तसेच्या तसे कागदावर उतरले.

सुट्टीनंतर तिने मला फ्रिजवर लावलेल्या त्या कागदाचे छायाचित्र पाठवले. तिसऱ्या पहाटेच्या फेरीवर तिच्या अक्षरात काट होती, कारण त्या रात्री मुलीचा कान दुखला होता. फेरी दुसऱ्या दिवशी ढकलल्याचा बाणही तिनेच काढला होता. सोयेरला नवरा ठरल्या वेळेपेक्षा वीस मिनिटे उशिरा पोहोचला, पण दोन ट्राम होऊन गेल्या होत्या आणि कुणी त्याची वाट पाहत बसले नव्हते. वाटेत घाटातल्या एका तलावाच्या नावाच्या पाटीचा त्याने फोटो काढला होता; तलावाचे नाव ‘कूबेर’. सासूबाईंनी तो फोटो साताऱ्याच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवला. एवढ्या लांब येऊन सायकलच चालवायची होती तर सज्जनगडावर काय वाईट होते, हे त्यांचे मत मात्र बदललेले नाही.